कात्री लावली असेल, तर तसं डब्यावर लिहा

संपादक महोदय,

गाण्यांतल्या अश्लील शब्दांवरून आपल्या वाचकपत्रांच्या पानावर चाललेली चर्चा मी रोज वाचते आहे. त्यात काही पत्रलेखकांचा सूर असा दिसतो की, सरकारने बंदीच्या भानगडीत पडू नये, विकणाऱ्यांनीच असा माल ठेवू नये. अमेरिकेत मोठ्या दुकानांनी हेच केलं आणि प्रश्न मिटला, असं त्यांचं म्हणणं. हे वाचून राहवलं नाही, कारण असं एक दुकान मी आतून पाहिलं आहे. नव्वदच्या दशकात ओहायोतल्या एका छोट्या गावात एका साखळी-दुकानाच्या संगीत विभागात मी नोकरी करत होते. कॅसेटी आणि सीडी फळीवर मांडायच्या, गल्ला सांभाळायचा, कोणी काही परत आणलं तर बदलून द्यायचं, हे माझं काम. प्रश्न तिथे मिटला नव्हता. तो फक्त गिऱ्हाइकाच्या नजरेआड गेला होता.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे गैरसमज नको. घाणेरडी गाणी मला आवडत नाहीत. बाई म्हणजे केवळ मांस, अशा थाटाची गाणी त्या काउंटरमागे उभं राहून मी ऐकली आहेत आणि ऐकताना संताप आला आहे. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. तिच्या वॉकमनमध्ये काय वाजतंय हे मला कळत नसे, आणि ते कळावं असं फार वाटे. म्हणून आईबापांच्या काळजीला जुनाट ठरवून उडवून लावणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. ती काळजी खरी असते.

अमेरिकेतल्या या सगळ्या प्रकरणाची सुरुवातही एका आईपासूनच झाली. अल गोर, जे पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्या पत्नी टिपर गोर यांनी अकरा वर्षांच्या मुलीसाठी पॉप गायक प्रिन्सचा एक अल्बम घरी आणला. त्यातल्या ‘डार्लिंग निकी’ या गाण्यात हस्तमैथुनाचा सरळ उल्लेख होता. कोणतीही आई दचकली असती. १९८५ मध्ये त्यांनी आणखी काही जणींना बरोबर घेऊन ‘पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर’ ही संस्था काढली. त्या जणींत तेव्हाचे अर्थमंत्री जेम्स बेकर यांच्या पत्नी सुझन बेकर होत्या. वॉशिंग्टनमधल्या वजनदार घरांतल्या या बायका, त्यामुळे त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला वेळ लागला नाही. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे सुनावणी झाली. अल गोर स्वतः त्या समितीचे सदस्य होते.

त्या सुनावणीत तीन गायक साक्षीला आले: फ्रँक झापा, जॉन डेन्व्हर आणि ‘ट्विस्टेड सिस्टर’ या बँडचा डी स्नायडर. डेन्व्हर म्हणजे सभ्यपणाचा पुतळा. त्याने सांगितलं की, डोंगरातल्या रात्रीच्या आनंदावर लिहिलेलं त्याचं ‘रॉकी माउंटन हाय’ हे गाणं नशेचं समजून काही रेडिओ केंद्रांनी लावायचं बंद केलं होतं. स्नायडरच्या ‘अंडर द ब्लेड’ या गाण्यावर आरोप होता की त्यात लैंगिक छळाचं वर्णन आहे. त्याने उत्तर दिलं की, बँडमधल्या गिटारवादकाच्या घशावर शस्त्रक्रिया व्हायची होती, त्या भीतीवर ते गाणं बेतलेलं आहे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण गाणं गाळायला बसणारा माणूस स्वतःच्या मनातला अर्थ गाण्यात घालतो, हे त्या दिवशी सगळ्यांसमोर आलं होतं.

तरीही त्या संस्थेची सगळी मागणी चूक नव्हती. विकत घेण्याआधी आत काय आहे ते कळू द्या, एवढा भाग मला आजही पटतो. पुढे ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी सूचना छापायचं मान्य केलं आणि १९९० पासून सगळीकडे एकसारखा काळा-पांढरा शिक्का आला: ‘पेरेंटल ॲडव्हायझरी’. पालकांना सल्ला. इथवर ठीक होतं. आईने शिक्का पाहावा, विचार करावा, घ्यायचं की नाही ते ठरवावं.

बिघडलं ते यानंतर. मोठ्या दुकानांनी शिक्का पाहिला आणि ठरवलं की शिक्क्याचा माल आम्ही ठेवणारच नाही. वॉलमार्टचं हे धोरण तर जाहीरच होतं, आणि वॉलमार्ट हा देशातल्या सगळ्यांत मोठ्या संगीतविक्रेत्यांपैकी एक होता. एवढं मोठं गिऱ्हाईक कोण सोडणार? कंपन्या एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्या काढू लागल्या. एक जशीच्या तशी, दुसरी धुऊन-पुसून. आईला सल्ला म्हणून काढलेला शिक्का आईपर्यंत पोचलाच नाही, कारण शिक्का असलेली वस्तू तिच्या दुकानात आलीच नाही.

आमच्या फळीवर ही दुसरी आवृत्ती असे. काही डब्यांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘एडिटेड’ असं असायचं, तेही सेलोफेनवर चिकटवलेलं, म्हणजे वेष्टन फाडलं की गेलं. काहींवर तेवढंही नसे. मुखपृष्ठ तेच, नाव तेच, किंमत तीच. आत मात्र शब्दाच्या जागी खळगा. कधी गायकाचा आवाज क्षणभर बंद पडून मागे नुसते ड्रम वाजत राहायचे, कधी तो शब्द उलटा फिरवलेला असे आणि कानाला चिरका फुत्कार ऐकू यायचा. काही रॅप गाण्यांत हे खळगे इतके लागोपाठ असत की गाणं चालता चालता ठेचकाळतंय असं वाटे.

एक मुलगा आठवतो. वय सोळा-सतरा, शाळा सुटल्यावर पेट्रोल पंपावर काम करायचा. त्याने घेतलेली सीडी दुसऱ्या दिवशी परत आणली. म्हणाला, खराब आहे, मधेमधे आवाज जातोय. आमचा नियम असा की उघडलेली सीडी परत घ्यायची नाही, फक्त त्याच अल्बमची दुसरी प्रत द्यायची. मी दुसरी प्रत दिली. तो तीही परत घेऊन आला. सीडी खराब नाही, ती मुळातच तशी बनवली आहे, असं त्याला मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो रागावला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. “मग तसं लिहीत का नाहीत?” एवढंच त्याने विचारलं. त्याच्या कष्टाच्या पैशांतून घेतलेली वस्तू होती ती. गावात संगीताचं दुसरं दुकान नव्हतं, शहरातलं दुकान गाडीने तासाभरावर, आणि त्याच्याकडे गाडी नव्हती. त्याला ‘दुसरीकडून घे’ म्हणणं म्हणजे ‘घेऊ नकोस’ म्हणणंच होतं.

दुसरं उदाहरण याहून गंभीर आहे. शेजारच्या गावातल्या हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या एक बाई आमच्याकडे येत. घरातल्या मारहाणीबद्दल त्यांना वर्गात बोलायचं होतं, आणि मुलांना जवळचं वाटेल म्हणून त्यांनी एक गाणं निवडलं होतं. नवरा बायकोला काय करतो हे त्यात तिच्याच तोंडून येतं. आमच्याकडून नेलेल्या प्रतीत नेमकं क्रियापद पुसलेलं होतं. ते गेल्यावर उरलं काय, तर नवरा रात्री उशिरा घरी येतो आणि दोघांचं काहीतरी बिनसतं. त्याने काय केलं ते गाण्यातून निघून गेलं होतं. त्या बाई मला म्हणाल्या, “या गाण्यात कोणीच कोणाला मारत नाही आता.” ज्या बाईवर अत्याचार झाला तिचं तोंड बंद करून आम्ही लहान मुलांचं रक्षण करत होतो, असं आम्हाला सांगितलं गेलं होतं.

इथेच या चाळणीचा खरा दोष आहे. ती शब्द पाहते, गाणं पाहत नाही. एकही शिवी नसलेलं आणि बाईला पायपुसणं मानणारं गाणं चाळणीतून सुखाने पार होतं. तेच दुःखाने, रागाने उच्चारलेला एक शब्द असला की गाणं अडतं. जॉनी कॅशच्या १९५५ सालच्या एका अत्यंत लोकप्रिय गाण्यात माणूस दुसऱ्याला गोळी घालतो, आणि कशासाठी, तर तो मरताना पाहायला. ते गाणं अमेरिकेत घराघरांत वाजत आलं आहे आणि वाजावंच, फार मोठं गाणं आहे ते. पण काळ्या वस्तीतल्या एखाद्या तरुणाने हिंसेवर काही म्हटलं की सगळ्यांचे कान एकदम टवकारायचे. आमच्या फळीवर सगळ्यात जास्त कात्री कुठे लागलेली असे, तर रॅपमध्ये. ते डबे मी हाताने मांडले आहेत, त्यामुळे हे मला कोणी सांगावं लागत नाही.

कात्री दुकानाच्या हातात दिली की ती कुठवर जाते, याचीही जाहीर उदाहरणं आहेत. १९९६ मध्ये गायिका शेरिल क्रो हिच्या अल्बममधल्या एका गाण्यात, मुलं वॉलमार्टमधून घेतलेल्या बंदुकीने एकमेकांना मारतात, असा उल्लेख होता. वॉलमार्टने तो अल्बम ठेवायला नकार दिला. उल्लेख अन्यायाचा आहे असं कंपनीला वाटलं, आणि तसं वाटण्याचा, तसं जाहीर सांगण्याचा तिला पूर्ण हक्क होता. पण तिथे प्रश्न अश्लीलतेचा नव्हता, प्रश्न कंपनीच्या नावाचा होता. मुलांच्या संस्कारांसाठी म्हणून तयार झालेली सवय दुकानाच्या अब्रूसाठी वापरली गेली. त्याच अल्बमला पुढच्या वर्षी सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

‘निर्वाणा’ या बँडचं तर आणखी वेगळं. १९९३ सालच्या त्यांच्या ‘इन युटेरो’ या अल्बमवर बलात्काराच्या विरोधातलं एक गाणं होतं आणि त्याच्या नावातच तो शब्द होता. वॉलमार्ट आणि केमार्ट अल्बम ठेवेनात. शेवटी त्या दुकानांसाठी वेगळी आवृत्ती निघाली, मागच्या बाजूचं चित्र बदललं आणि ‘रेप मी’ या गाण्याचं नाव छापलं ‘वेफ मी’. आतलं गाणं तेच राहिलं. म्हणजे ज्या मुलांना वाचवायचं होतं त्यांनी ऐकलं तेच, फक्त डब्यावरून त्यांच्या आईला ते कळण्याची सोय गेली. आईबापांच्या दृष्टीनेच पाहा, याला कोणतं संरक्षण म्हणायचं?

काहींनी वाकायला नकार दिला. ‘ग्रीन डे’ या बँडने २००९ मध्ये वॉलमार्टसाठी वेगळी आवृत्ती काढणार नाही असं ठरवलं, आणि त्या दुकानात न मिळूनही त्यांचा अल्बम बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत पहिला आला. पण ‘ग्रीन डे’ला ते परवडलं. पहिलाच अल्बम काढणाऱ्या पोरापोरींना कंपनी सांगते, हा शब्द काढ, नाहीतर अर्ध्या गावांत तुझी सीडी पोचणार नाही. ती मुलं काय करणार? मग तो शब्द कागदावर उतरतच नाही, आणि त्याची नोंद कुठेही होत नाही.

खाजगी दुकान आहे, काय ठेवायचं ती मालकाची मर्जी, असं मला नेहमी ऐकवलं जातं. मान्य आहे. दूध ठेवायचं नाही असं एखाद्याने ठरवलं तर त्याच्याशी माझं भांडण नाही. पाणी घालून तेच दूध म्हणून विकलं तर आहे. आणि दुकान एवढं मोठं झालं की गोठ्यातच पाणी घालायला लावतं, तेव्हा ‘मर्जी’ हा शब्द पुरत नाही.

सरकारी कात्री याहून बरी, असं मात्र मी चुकूनही म्हणणार नाही. १९९० मध्ये फ्लोरिडात एका न्यायाधीशाने ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गटाचा एक अल्बम अश्लील ठरवला. निकालानंतर अवघ्या दोन दिवसांत, तो अल्बम विकला म्हणून फोर्ट लॉडरडेलच्या एका कृष्णवर्णीय दुकानदाराला अटक झाली आणि पुढे दोषी ठरवून दंड झाला. त्या गाण्यांची बाजू मी घेणार नाही, मला ती किळसवाणी वाटतात. पण कॅसेट विकणाऱ्याला बेड्या? १९९२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो अश्लीलतेचा निकाल फिरवला. शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, पुरावा म्हणून कॅसेटच तेवढी पुढे केली होती, आणि ती ऐकून एकट्या न्यायाधीशाने त्यात कलामूल्य नाही असं ठरवणं न्यायालयाला पुरेसं वाटलं नाही. निकाल फिरला, पण त्या मधल्या काळात किती दुकानदारांनी घाबरून फळ्या रिकाम्या केल्या असतील, याचा विचार करा.

आणि लोकांची प्रतिक्रिया कशी उलटते तेही पाहा. २००४ मध्ये मेरीलँडमधल्या एका कुटुंबाने वॉलमार्टवरच दावा लावला. तेरा वर्षांच्या मुलीसाठी घेतलेल्या ‘इव्हानेसन्स’ या रॉक बँडच्या सीडीत शिवी निघाली आणि डब्यावर शिक्का नव्हता. त्यांचा राग मला समजतो. इथे सगळं स्वच्छच मिळतं अशी त्यांची खात्री होती, म्हणून त्यांनी निर्धास्त मनाने सीडी उचलली. दुकानाने चाळणीची जबाबदारी अंगावर घेतली की आईबाप स्वतः पाहायचं सोडतात. माझ्या काउंटरवरही हेच होई. नातवासाठी काही घ्यायला आलेली आजी विचारायची, “इथलं सगळं चांगलंच असतं ना?” मी तिला सांगायची, आजी, नातवाबरोबर बसून एकदा ऐका. काही जणी ऐकतही असत. एकीने परत येऊन मला सांगितलं की, नातू तासभर तिला एकेक गाणं समजावून सांगत होता आणि त्यातलं निम्मं तिला अजिबात आवडलं नाही. पण नातू तिच्याशी तासभर बोलला होता.

आता सीडीची दुकानं गेली आणि गाणी फोनवर आली. तिथे गाण्याच्या नावापुढे लहानसं ‘ई’ असतं, म्हणजे आत शिवराळ किंवा अश्लील शब्द आहेत, आणि पुष्कळदा साफ केलेली आवृत्तीही शेजारीच दिसते. पालकांना फोनवर असं गाणं बंद ठेवायची सोय आहे. माझ्या मुलीने तिच्या मुलांसाठी ती लावली आहे आणि मोठ्याची थोड्या वर्षांनी काढलीही आहे. हा निर्णय तिचा. घरात झाला, मुलांना सांगून झाला. नव्वदच्या दशकात मला हवं होतं ते एवढंच.

म्हणून ‘अमेरिकेसारखं करा’ म्हणणाऱ्या पत्रलेखकांना माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेतलं घ्यायचंच असेल तर १९८५ च्या मागण्यांतली एक मागणी घ्या, जी तेव्हा सगळ्यात कमी पुढे गेली. त्या बायकांनी म्हटलं होतं की, गाण्याचे शब्द वेष्टनावर छापा, म्हणजे पालकांना घेण्याआधी वाचता येतील. कंपन्यांनी अडचण सांगितली की शब्दांचे हक्क प्रकाशकांकडे असतात. मग कंपन्या शिक्क्यावर थांबल्या, दुकानांनी शिक्क्याची कात्री केली आणि शब्द वाचायची गोष्ट मागेच राहिली. आज गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवणं मुळीच अवघड नाही. विकणाऱ्यांकडून मागायचंच असेल तर हे मागा: गाणं घेण्याआधी त्याचे पूर्ण शब्द वाचता आले पाहिजेत, कात्री लावली असेल तर ते समोरच्या बाजूला, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं पाहिजे, आणि कात्री लावलेली प्रत ठेवणाऱ्याने मूळ प्रतही ठेवली पाहिजे, हवं तर वय विचारून द्यावी. आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक
ओहायो, अमेरिका